दोन निरावरण मोटारसायकली : एक तौलनिक वाचन

मोटारसायकलींच्या जगात 'नेकेड' हा एक रूढ वर्गवाचक शब्द आहे. तो मराठीत कसा आणावा, ही गाडी घेण्याच्या विचारात पडल्यावर आमच्यासमोर उभी राहिलेली पहिली अडचण. 'नग्न' म्हटले तर शिल्पकलेवरील व्याख्यानाचा भास होतो. 'नागडी' म्हटले तर मौद्यासारख्या गावात चारचौघांत वाक्य पूर्ण करण्याची सोय राहत नाही. 'उघडी' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण उघडी म्हणजे छप्पर नसलेली असा अर्थ व्हायचा, आणि छप्पर तर कोणत्याच मोटारसायकलीला नसते. अखेर आम्ही संस्कृताचा आश्रय घेतला आणि आपल्यापुरता 'निरावरण' हा शब्द ठरवला. ज्या गाडीचे इंजिन, चौकट, नळ्या आणि रेडिएटर प्लास्टिकच्या कवचाआड दडवलेले नसतात ती निरावरण मोटारसायकल.

या शब्दाच्या इतिहासात एक गंमत आहे. आवरण जन्माला येईपर्यंत निरावरण असे काही नसते. १९२३ साली बी.एम.डब्ल्यू.ने आर-३२ ही आपली पहिली मोटारसायकल आणली, तेव्हा तिला कोणी 'नेकेड' म्हटले नाही, कारण सगळ्याच गाड्या तशा होत्या. वारा कापण्यासाठी शर्यतीच्या गाड्यांना कवच चढले. १९७६ साली त्याच कंपनीची आर-१०० आर.एस. पूर्ण कवच घालून सामान्य रस्त्यावर आली. पुढच्या दशकात कवच हेच वेगाचे आणि प्रतिष्ठेचे चिन्ह बनले. मग १९९२ च्या कोलोन येथील प्रदर्शनात डुकाटीने मिगेल गालुत्सी यांनी रेखलेली 'मॉन्स्टर' मांडली. तिने ते कवच काढून टाकले, आणि काढून टाकल्यामुळेच त्या उघडेपणाला नाव मिळाले. आमच्या भागात तर हा सारा प्रवास उलट्या क्रमाने झाला. राजदूत, येझदी, बुलेट आणि १९८५ साली आलेली आर.एक्स.१०० या सर्व निरावरणच होत्या. पण आमच्या पिढीने त्यांना नुसते 'गाडी' म्हटले. यामाहाची पूर्ण कवचाची आर-१५ भारतात आली ती २००८ मध्ये. त्यानंतर कुठे आम्हांला कळले की आपण आयुष्यभर ज्या वाहनांवर बसत आलो, त्यांचे एक विशेषण असू शकते.

आता ही चर्चा आमच्या घरात का शिरली, ते सांगणे आवश्यक आहे. आमची कन्या नागपुरातील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली. मौदा ते नागपूर हे अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. रस्ता म्हणजे भंडाऱ्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग. जुनी माणसे त्याला अजूनही 'सहा नंबर' म्हणतात, जरी २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर तो ५३ झाला आहे. सकाळपाळीला पोहोचायचे तर घरून सहाच्या सुमारास निघायला हवे. त्या वेळेस बस मिळते, पण ती रुग्णालयाच्या दारात सोडत नाही, आणि परतीची वेळ रुग्णांच्या हाती असते, वेळापत्रकाच्या नव्हे. दोन पर्याय उरले : नागपुरात खोली घेऊन राहणे, नाहीतर स्वतःचे वाहन. खोलीचे भाडे आणि वाहनाचा मासिक हप्ता जवळपास सारखेच निघाले. फरक एवढाच की एका पर्यायात मुलगी घरी जेवायला येणार होती.

स्कूटर का नको, असे विचारणारे हितचिंतक भेटले. गावात आणि शहरात स्कूटरसारखे सोयीचे वाहन नाही, हे आम्हीही मानतो. परंतु माल लादलेल्या ट्रकांच्या रांगा जेथे अहोरात्र चालतात, अशा चौपदरी रस्त्यावर लहान चाकांची, शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटरची स्कूटर ताशी साठ-सत्तरच्या पुढे दमते. पुढचा ट्रक ओलांडताना तिला जो वेळ लागतो, तो सगळा वेळ स्वार ट्रकच्या चाकालगत असतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ऐंशी किलोमीटरची कायदेशीर मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहूनही साठावरून ऐंशीवर चटकन जाता येणे आणि तितक्याच चटकन थांबता येणे, एवढे सामर्थ्य आम्हांला हवे होते. शिवाय कन्येला मोटारसायकल आवडते, हेही एक कारण होते. ते आम्ही यादीत शेवटी लिहिले होते. तिने ते खोडून वर नेले.

छाननीअंती दोन गाड्या उरल्या : बजाजची पल्सर एन.एस.२०० आणि के.टी.एम.ची ड्यूक २००. पहिलीच्या नावातील 'एन.एस.' म्हणजेच 'नेकेड स्पोर्ट', त्यामुळे वर्गाबद्दल शंका नको. दोन्ही भारतीय बाजारात आल्या त्या २०१२ सालीच. दोन्ही बनतात पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्याच कारखान्यात. दोघींच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९ मिलिमीटर, म्हणजे क्षमता दोन्हीकडे १९९.५ घनसेंटिमीटर. सहा गिअर, चार झडपा, द्रवशीतन, पुढे तीनशे आणि मागे दोनशे तीस मिलिमीटरच्या ब्रेक-तबकड्या. एका मुद्रणालयात, एकाच कागदावर छापलेल्या दोन ग्रंथांसारखी ही जोडी आहे. फरक मुखपृष्ठावर अधिक, असे प्रथमदर्शनी वाटावे.

या समान जन्मामागे एक करार आहे. के.टी.एम. ही ऑस्ट्रियातील माटिगहोफेन या छोट्या गावातील कंपनी. तिची मुळे १९३४ मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्ट्स यांनी काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानात आहेत. २००७ साली बजाजने तिचा सुमारे साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, आणि लहान क्षमतेच्या ड्यूक चाकणला बनू लागल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, बजाजने २०२५ मध्ये तिला सावरण्यासाठी भांडवल उभे केले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचे नियंत्रण बजाजकडे आले. आम्ही गाड्यांची तुलना करीत होतो नेमक्या त्याच महिन्यात. विदर्भातील माणसाला या घटनेत थोडा घरगुती आनंद होणे क्षम्य मानावे, कारण बजाज घराण्याचे नाव आमच्यासाठी आकुर्डीच्या आधी वर्ध्याशी जोडलेले आहे. जमनालालजींनी गांधीजींना वर्ध्यास आणले, त्या वर्ध्याचा हा वंश. 'विलायती' गाडी आणि 'देशी' गाडी असा जो भेद गावात केला जातो, त्याला आता मालकीच्या दृष्टीनेही आधार उरलेला नाही.

नावांकडेही थोडे पाहावे. ड्यूक म्हणजे युरोपातील सरदार, राजापाठोपाठचा मानकरी. पल्सर म्हणजे नियमित स्पंदने पाठवणारा, वेगाने फिरणारा मृत तारा. असा पहिला तारा १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीच्या लक्षात आला. १९७४ चे नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांस मिळाले, तिला नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचे विशेष पारितोषिक मिळाले, तेव्हा तिने ती सारी रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीस देऊन टाकली. चाकण ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव लागते आणि तेथून जवळच खोडदला अशा ताऱ्यांचा वेध घेणारी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. आम्ही हे सारे कन्येला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "बाबा, नावावरून गाडी घ्यायची असती तर लूना घेतली असती." लूना म्हणजे चंद्र, हे तिला ठाऊक होते तर.

मग आम्ही तक्ता मांडला. शक्ती : पल्सर साडेचोवीस अश्वशक्ती, ड्यूक पंचवीस. वजन : दोन्ही एकशे अठ्ठावन्न-साठ किलोच्या घरात. येथवर जुळ्या बहिणी. फरक पुढे दिसू लागला. पल्सरच्या माथ्यावर झडपा हलवणारा कॅमशाफ्ट एक, ड्यूकला दोन. पल्सरला ठिणगीचे प्लग तीन, ड्यूकला एक. पल्सरची चौकट दाबून घडवलेल्या पोलादी पट्ट्यांची, ड्यूकची जाळीदार नळ्यांची, आणि ती नारिंगी रंगात मुद्दाम नजरेत भरवलेली. मागचे टायर पल्सरचे १३० मिलिमीटर रुंद, ड्यूकचे १५०. पुढचे शॉकअप दोन्हीकडे आता उलटे बसवलेले, पण ड्यूकचे ४३ मिलिमीटर जाड, पल्सरचे ३३. टाकी पल्सरची बारा लिटर, ड्यूकची साडेतेराच्या आसपास. आसनाची उंची पल्सरची सुमारे ८०५ मिलिमीटर, ड्यूकची ८२२. दोन्ही चाकांसाठी ए.बी.एस. दोन्हीकडे. दिवा दोन्हीकडे एल.ई.डी., ड्यूकला २०२३ पासून आणि पल्सरला २०२४ पासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्यामुळे दोन्हींची किंमत उतरली होती. तरी आम्हांला मिळालेल्या दोन दरपत्रकांत साठ हजारांच्या आसपास अंतर राहिलेच.

येथे साहित्याच्या वाचकाला एक जुना प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. तुलना कशाची करायची असते? आपल्याकडे कालिदास थोर की भवभूती, वामन पंडित की मोरोपंत, अशा तुलना पिढ्यान्‌पिढ्या रंगल्या. त्यांतील बहुतेक निष्फळ ठरल्या, कारण तुलना करणाऱ्याने मापदंड आधी सांगितला नाही. उपमा हवी असेल तर एक कवी आणि करुणरस हवा असेल तर दुसरा, एवढे म्हटले की वाद संपतो. पण वाद संपावा असे वाद घालणाऱ्यांना वाटत नसते. मोटारसायकलींच्या तुलनेतही हेच घडते. अर्ध्या अश्वशक्तीवरून तरुण मंडळी रात्र जागवतात. पण ती अर्धी अश्वशक्ती मिळते इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या जवळ फिरत असताना. त्या वेळी पिस्टन सेकंदाला सरासरी सोळा मीटर धावत असतो, आणि रुग्णालयात जाणाऱ्या मुलीला तेथवर जाण्याचे काहीच प्रयोजन नसते. म्हणून आम्ही तक्त्याच्या डोक्यावर एक वाक्य लिहिले : 'रोज सत्तर किलोमीटर, पहाटे आणि संध्याकाळी, एकटीने.' त्या वाक्याला न लागणारा प्रत्येक आकडा मग आपोआप फिका पडू लागला.

कागदावरचे वाचन येथे संपले. भाच्याकडे ड्यूक होती आणि ओळखीच्या एका शिक्षकमित्राकडे एन.एस. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दोन्ही गाड्या मागून घेतल्या आणि आम्ही बापलेक तारसामार्गे रामटेकला निघालो. मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. आषाढातल्या मेघासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या टेकडीवर आम्ही कार्तिकातल्या कोरड्या उन्हात जात होतो. वाटेत धानाची कापणी सुरू होती. कोठे मळणीयंत्र रस्त्याच्या कडेला उभे, कोठे डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेले. शेतकऱ्याला त्याहून सपाट आणि तापलेले खळे मिळत नाही, आणि दुचाकीस्वाराला त्याहून निसरडी जागा मिळत नाही. दोघांचेही बरोबर असते.

तारशापर्यंत ड्यूक आमच्याकडे आणि पल्सर तिच्याकडे होती. पुढे आम्ही अदलाबदल केली. ड्यूकवर बसताच कळते की ही गाडी मुठीची वाट पाहत नाही. थोडीशी मूठ पिळली की ती पुढे उडी घेते. वळणावर ती विचाराच्या वेगाने झुकते, रुंद टायर रस्ता घट्ट धरून ठेवते, ब्रेक दोन बोटांत काम करतात. यंत्र म्हणून ती अधिक नेमकी आहे, हे मान्य करण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. मात्र हळू चालवायला ती नाराज असते. बैलगाडीमागे दुसऱ्या गिअरात रांगताना तिचे इंजिन कुरकुरते, पुनःपुन्हा क्लच दाबावा लागतो. खड्ड्यांची खबर ती हातापाठीला जशीच्या तशी पोचवते. पल्सर तुलनेने सैल आहे. तिचा आवाज कमी आकर्षक, वळणात ती क्षणभर उशिरा हलते. परंतु मधल्या फेऱ्यांत ती शांतपणे ओढते, आसन मऊ आहे, आणि फुटलेल्या रस्त्यावर ती चालवणाऱ्याची थोडी बाजू घेते. गड चढताना ड्यूक पुढे गेली. उतरताना दोन्ही बरोबर होत्या.

एक निरीक्षण तक्त्यात नव्हते. कन्येची उंची पाच फूट तीन इंच. पल्सरवर बसून तिचे दोन्ही तळपाय, टाचा किंचित उचलून, जमिनीस लागत होते. ड्यूकवर एका बाजूस चवडा टेकवावा लागत होता. सतरा मिलिमीटर म्हणजे दोन बोटांचीही जाडी नाही. पण दीडशे किलोंहून जड गाडी उतरत्या कडेवर, वाळलेल्या धानाशेजारी उभी करायची असते तेव्हा ते अंतर फार मोठे होते. चालत्या गाडीला दोन चाकांचा तोल असतो. उभ्या गाडीचा तोल पायांत असतो.

गावी परतल्यावर मतांची कमतरता नव्हती. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली आणि निर्णय दिला, "सर, इंजिन दोघीचं एकाच घरचं हाय. पन पल्सरचं सामान मले इथंच भेटते. त्या दुसरीसाठी नागपूरले जा लागते." एक शेजारी जरा अधिक खोलात शिरले. "सर, पोरीले एवढी मोठी गाडी काहून घेऊन देता? लग्नासाठी ठेवा ना पैसे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. आमच्या गावात मुली स्कूटरने महाविद्यालयात जातात, त्याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. पण पाय टाकून बसायची, गिअरची, गुरगुरणारी गाडी म्हटली की ती मुलाची, असा एक अलिखित वारसाहक्क अजून टिकून आहे. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे. त्यावर ते गप्प झाले, मग म्हणाले, "तं मंग बरोबर हाय." पैसा ज्याचा त्याची गाडी, हे तत्त्व गावाला समजते. आणि त्या तत्त्वाने मुलींची बाजू घेतली तरी गाव ते मोडत नाही, हे त्या दिवशी आम्हांला दिसले.

खरा आक्षेप घरातला होता, आणि तो तक्त्यात बसणारा नव्हता. आमच्या पत्नीला दोन्ही गाड्या सारख्याच नापसंत होत्या. दोन वर्षांपूर्वी गावातील एक तरुण याच महामार्गावर गेला. त्याच्या आईच्या घरी त्या दिवशी आमची पत्नी दिवसभर बसली होती. तिने आकडे विचारले नाहीत, पण आम्ही शोधले, कारण भीतीला आकडा मिळाला की निदान तिच्याशी बोलता येते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७, म्हणजे शंभरात जवळजवळ पंचेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या अवस्थेत मेलेले ५०,०२९, त्यांपैकी चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. आम्ही हे आकडे पत्नीपासून लपवले नाहीत. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "मागे बसणाऱ्याचंही हेल्मेट घेणार ना?" होकाराच्या दिशेने तिचे ते पहिले पाऊल होते.

दुसरे पाऊल साडीगार्डपाशी पडले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमानुसार मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायटेकण आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निम्मे मागचे चाक झाकणारी संरक्षक जाळी असावी लागते. जगभर उघडेपणाच्या अभिमानावर विकली जाणारी ही यंत्रे आपल्याकडे साडीसाठी केलेली जाळी लेऊन रस्त्यावर उतरतात. हौशी तरुण गाडी घरी आणताच ती जाळी काढून टाकतात, कारण तिने म्हणे रूप बिघडते. आमच्या पत्नीने दालनात जाऊन दोन्ही गाड्यांच्या मागच्या आसनावर बसून पाहिले. ड्यूकचे मागचे आसन उंच आणि अरुंद, तेथे बसणारा जणू मचाणावर चढल्यासारखा. पल्सरचेही ऐसपैस नाही, पण त्यावर एका बाजूने पाय सोडून बसता आले. विक्रेत्या मुलाने विचारले, "मावशी, तुम्ही बसणार का हिच्यावर?" ती म्हणाली, "दवाखान्यात जायची वेळ आली तर कोण नेणार मला? तीच ना!" जाळी काढायची नाही, ही तिची अट त्याच क्षणी नोंदवली गेली.

निरावरण गाडीचा आणखी एक गुण आम्हांला या काळात उमगला, आणि तो सुरक्षिततेच्या बाजूचा आहे असे आमचे मत आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठावरून ऐंशीवर गेले की वारा एकतृतीयांशाने नव्हे, पाऊणपटीहून अधिक वाढतो. कवचाआड वाकून बसलेल्या स्वाराला हे कळत नाही. निरावरण गाडीवर सरळ बसलेल्याच्या छातीवर तो वारा हात ठेवतो. ऐंशीच्या पुढे मान ताठते, खांदे दुखू लागतात, आणि शरीरच म्हणते की पुरे. मात्र हाच उघडेपणा उलटही वागतो. विदर्भाचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि मग वारा थंड करीत नाही, भाजतो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की इंजिनाची धग पोटऱ्यांवर येते. या बाबतीत ड्यूक आणि पल्सर यांत डावे-उजवे करण्यासारखे आम्हांला काही आढळले नाही. यंत्राने वस्त्रे टाकली की त्याने सोडलेले सगळे चालवणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून निरावरण गाडी घेणाऱ्याने तिच्या किमतीत स्वतःच्या आवरणाची किंमत मिळवूनच हिशेब करावा.

आम्ही तो केला. मानक ब्यूरोचे चिन्ह असलेली, डोके पूर्ण झाकणारी दोन हेल्मेटे, खांदा-कोपर-पाठीला संरक्षक गाद्या असलेले जाळीदार जाकीट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि पावसाळी पोशाख, या सगळ्यांचा खर्च तीस हजारांच्या आत बसला. दोन गाड्यांच्या किमतींतील अंतराच्या हा निम्मा भाग. ड्यूक घेतली तर हे सामान पुढच्या दिवाळीवर ढकलावे लागणार होते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बारा महिन्यांचा रस्ता होता.

तरीही निर्णय आमचा नव्हता. तक्ता आम्ही तिच्या हाती दिला आणि गप्प बसलो. तिचे मन ड्यूकवर होते, हे आम्हांला रामटेकच्या गडावरच कळले होते. गाडी लावल्यावर ती मागे वळून पुन्हा एकदा पाहते की नाही, यावरून ते कळते. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "ड्यूकवर बसले की मला घाई होते, बाबा. कामावर जाताना घाई नको." आईने भाकरी वाढता वाढता एवढेच विचारले, "मग ती नाराज तर नाही ना होणार तू, नंतर?" ती म्हणाली, "होईन थोडी. भाच्याची मागून नेईन कधी." नात्याने तो तिचा आतेभाऊ. पण घरात आम्ही त्याला भाचा म्हणतो म्हणून तीही चिडवण्यासाठी तसेच म्हणते.

सोबत काही करार झाले, ते कोणत्याही दरपत्रकात नसतात. सकाळपाळीच्या दिवशी ती घरी येणार. दुपारपाळी रात्री नऊला सुटते, त्या दिवशी मुक्काम नागपुरात मावशीकडे. डिसेंबर-जानेवारीत कन्हानच्या पुलावर धुके असेल तर थांबायचे, उशीर झाला तर झाला. पोचल्यावर एक संदेश, चालवताना एकही नाही. तिने आमच्याकडूनही एक वचन घेतले : ती निघाल्यापासून पोचेपर्यंत आम्ही फोन करायचा नाही. हे वचन पाळणे दुपारपाळीच्या मुक्कामाहून कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

एम.एच.४० या नागपूर ग्रामीणच्या मालिकेतील क्रमांक मिळून पल्सर दारात उभी राहिली, त्याला आता काही महिने झाले. ड्यूक ही अधिक चांगली मोटारसायकल आहे, असे आम्हांस आजही वाटते, आणि पल्सर घेतली याचे समाधानही तितकेच आहे. या दोन विधानांत विसंगती पाहणाऱ्यांनी तक्त्याच्या डोक्यावरील वाक्य पुन्हा वाचावे. ज्यांचे वाक्य वेगळे असेल, म्हणजे ज्यांना रविवारी पहाटे रिकाम्या घाटात जायचे आहे, ज्यांची उंची अधिक आहे आणि मागे कोणी बसणार नाही, त्यांनी बिनदिक्कत ड्यूक घ्यावी. त्यांचे वाचनही तितकेच योग्य ठरेल. मात्र वाक्य आधी लिहावे आणि दालनात नंतर जावे. दालनातील दिव्यांखाली सर्वच गाड्या आपल्यासाठीच बनवल्यासारख्या दिसतात.

असो. वाचकांपैकी कोणी अशाच जुळ्यांपुढे उभे असतील तर त्यांना एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. गाडी चालवून पाहण्याआधी ती बंद अवस्थेत दहा पावले मागे ढकलून पाहावी, थोड्या उताराच्या जागी, पायात रोजचे बूट घालून. आमच्या घरी सकाळी सहाला हेच घडते. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असते, कन्या ती मागे ढकलून फाटकाबाहेर काढते, आणि तिची आई साडीगार्डला पदर लागणार नाही इतक्या अंतरावर उभी राहून डबा पुढे करते.